माग वाढले, कांड्यांचं काय?

सोलापुरात कुठलीही मोठी वस्तू घ्यायची म्हटली की पहिला सल्ला ठरलेला असतो, "थांब की बे जरा, नवीन येतंय." गाडी असू दे नाहीतर वॉशिंग मशीन. आणि थांबायची आपल्याला सवय पण जबरी आहे, नळाला पाणी चार-पाच दिवसाआड, आणि विमानसेवा तर इतकी वर्षं "आता सुरू होणार" होती की शेवटी खरंच सुरू झाली तेव्हा कित्येकांना आधी चेष्टाच वाटली. त्यामुळे कॉम्प्युटरच्या बाबतीत कुणी थांब म्हणलं की सोलापूरकराला ते लगेच पटतं. माझा धंदा मात्र इथंच अडकतो. मी वर्कस्टेशन, म्हणजे जड कामाचे टेबलाखालचे कॉम्प्युटर, आणि छोटे सर्व्हर जोडून देतो, आणि सध्या जो तो यूट्यूब बघून येतो आणि विचारतो, ते २५६ कोरवालं येतंय म्हणे, मग थांबू का घेऊ?

ते २५६ कोरवालं म्हणजे एएमडी या चिप कंपनीच्या एपिक मालिकेतला पुढचा सर्व्हर प्रोसेसर, कोडनेम व्हेनिस. झेन ६ डिझाईन, तैवानच्या टीएसएमसीच्या २ नॅनोमीटर प्रोसेसवर बनणारा, एका सॉकेटात (बोर्डावरची एका चिपची जागा) २५६ पर्यंत कोर, म्हणजे चिपच्या आत स्वतंत्र गणित करणारे विभाग, आणि कंपनीने साल सांगितलंय २०२६. एप्रिल २०२५ मध्येच त्यांनी जाहीर केलं होतं की सर्व्हर-सुपरकॉम्प्युटरच्या कामाच्या चिपांमध्ये या प्रोसेसवर टेप-आउट झालेली, म्हणजे आराखडा पक्का होऊन बनवायला धाडलेली, ही पहिली. (२ नॅनोमीटर म्हणजे आत काहीतरी मोजून २ नॅनोमीटरचं असतं असं नाही हां, ते आता निव्वळ पिढीचं नाव राहिलंय, पण हे गिऱ्हाइकाला सांगायच्या भानगडीत मी पडत नाही.) एपिकची पहिली पिढी २०१७ ला आली तेव्हा ३२ कोर होते, २०१९ ला ६४ झाले, २०२२ ला ९६, २०२४ च्या ट्युरिन नावाच्या पिढीत १९२, आणि आता २५६. नऊ वर्षांत आठपट. माणूस खुळावणारच.

मला विचाराल तर या सगळ्या घोषणेतला सगळ्यात बिनकामाचा आकडा तोच आहे.

माझा जीव अडकलाय दुसऱ्याच आकड्यात. जून २०२५ मध्ये एएमडीने सांगितलं की व्हेनिसच्या एका सॉकेटला मेमरीची बँडविड्थ, म्हणजे रॅम आणि चिपमध्ये डेटा ये-जा करायचा वेग, सेकंदाला १.६ टेराबाईट मिळणार. आजच्या ट्युरिनला १२ चॅनल, म्हणजे रॅमपासून चिपपर्यंतच्या वाटा, आहेत डीडीआर५-६४०० रॅमचे (६४०० हा वेग), चॅनलमागे दरखेपेला ८ बाईट धरून गुणाकार केला तर ६१४ गीगाबाईटच्या आसपास येतं, म्हणजे सरळ अडीचपटीच्या वर उडी. आता याला कोरने भागून बघा. १९२ कोरच्या ट्युरिनमध्ये एका कोरच्या वाट्याला येतात ३.२ गीगाबाईट, व्हेनिसमध्ये सगळे २५६ कोर धरूनही सव्वासहा. आणि गंमत म्हणजे २०१७ च्या त्या पहिल्या ३२ कोरवाल्या एपिकला ८ चॅनल डीडीआर४-२६६६ होते, तिथं कोरमागे ५.३ पडत होते! म्हणजे सात वर्षं कोर धडाधड वाढले, जाहिराती झाल्या, आणि एकेका कोरच्या ताटात पडणारं मात्र कमीच झालं होतं. कोर तर दरवेळी जास्त वेगवान, म्हणजे भूक पण जास्त. व्हेनिसमध्ये पहिल्यांदा ते त्या जुन्या ५.३ च्या वर जातंय. कंपनी म्हणते मागच्या पिढीपेक्षा एकूण परफॉर्मन्स १.७ पट, आणि कोर तर फक्त १.३३ पट झालेत, मग उरलेलं कुठून येतंय याचं सगळं नाही पण बरंचसं उत्तर या मेमरीत असणार असं माझं मत आहे.

हे मला इतकं जवळचं का वाटतं त्याचं कारण कॉम्प्युटरमध्ये नाही, अशोक चौकात आहे. आमचं लहानपण त्याच बाजूला, मागाच्या खडखडाटात. आमच्या स्वतःच्या घरात माग नव्हता, कांड्या होत्या. आजी कांड्या भरायची, शेजारच्या कारखान्यासाठी. हे ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगतो, धोट्यात एक कांडी बसते, तिच्यावर आडवं सूत गुंडाळलेलं, धोटा या टोकाहून त्या टोकाला पळत राहतो आणि बघता बघता कांडी संपते. संपली की माग थांबवायचा, रिकामी काढायची, भरलेली घालायची, परत चालू. टोपलीत भरलेली कांडी नसली तर माग उभा. मालकाने हौसेने दोन माग वाढवले आणि कांडी भरणाऱ्या बायका तेवढ्याच ठेवल्या, तर महिनाअखेर चादरी तेवढ्याच निघतात, वर दोन मागांचा हप्ता. आजीला हे कुणी शिकवलं नव्हतं, ती नुसता आवाज ऐकून सांगायची की आज शेजारी किती माग उभे आहेत. (सोलापूर आणि कॉम्प्युटर म्हटलं की सगळे जण जकार्ड मागाच्या नक्षीच्या पंचकार्डावर जातात, तिथूनच कॉम्प्युटर जन्मला वगैरे. थोडंफार खरं आहे, पण ते इतक्या भाषणांत ऐकलंय की मी तिकडे जात नाही. मला कांडीच बरी.)

तर प्रोसेसरचे कोर म्हणजे माग, आणि रॅममधून येणारा डेटा म्हणजे कांड्या. एवढं एक डोक्यात बसलं की निम्मे शोरूमवाले तुम्हाला फसवू शकत नाहीत.

आता माझा एक मित्र आहे, कॉलेजपासूनचा, होटगी रोडला ऑफिस. साखर कारखान्यांच्या बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, चालणाऱ्या बॉयलरचं काम करतो. आपल्या जिल्ह्यात कारखाने काय कमी आहेत होय, काम भरपूर. बॉयलरच्या आत गरम वायू कसा फिरतो, राख कुठं साठते, कुठली ट्यूब आधी झिजणार, हे तो सीएफडी, म्हणजे कॉम्प्युटरवर प्रवाहाचं गणित, करून काढतो, ओपनफोम नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरवर. बॉयलरच्या आतल्या जागेचे लाखो-करोडो बारीक तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याचं गणित, पुन्हा पुन्हा, हजारो वेळा. एका तुकड्याचं गणित तसं किरकोळ असतं, पण त्यासाठी त्याचे आणि शेजारच्या तुकड्यांचे आकडे रॅममधून आणायचे, थोडी बेरीज-वजाबाकी करायची आणि परत नेऊन ठेवायचे. आणायचं-न्यायचं जास्त, गणित कमी.

त्याच्याकडे एएमडीचंच, टेबलाखालच्या मशीनचं, जुनं थ्रेडरिपर ३९७०एक्स आहे, ३२ कोरचं, २०१९ चं मॉडेल, त्या काळात राजा होता तो. चार चॅनल डीडीआर४, म्हणजे १०२ गीगाबाईट, म्हणजे कोरमागे परत तेच ३.२. मला बोलावलं आणि म्हणाला, "हे आता म्हातारं झालं बे, डायरेक्ट ९६ कोरचं घेऊन टाकतो, नाहीतर ते २५६ वालं येईपर्यंत थांबतो, काय करू सांग."

म्हणलं आधी तुझी एखादी केस चालव, ८ कोरवर चालव, मग १६, मग २४, मग ३२. चालवली. आठवरून सोळाला वेळ मस्त खाली आला, सोळावरून चोवीसला किरकोळ, आणि बत्तीसला जवळजवळ तेवढाच. स्क्रीनवर मात्र एचटॉप या कोरचा वापर दाखवणाऱ्या टूलमध्ये बत्तीसच्या बत्तीस पट्ट्या शंभर टक्क्याला टेकलेल्या.

"सगळे कोर तर फुल चाललेत की बे."

"चाललेत कुठं, उभे आहेत."

"अरे शंभर टक्के दाखवतंय!"

इथंच सगळे फसतात. कोर रॅमची वाट बघत थांबला असला तरी ऑपरेटिंग सिस्टिमच्या हिशोबाने तो बिझीच असतो, कारण ते काम त्याच्या गळ्यात आहे, त्याने ते सोडलेलं नाही. डिस्कची वाट बघत असला तर सिस्टिमला कळतं, रॅमची वाट बघत असला तर टक्केवारीत काही दिसत नाही. मग पर्फ नावाचं एक टूल लावून त्याला दाखवलं की एका क्लॉकमागे, म्हणजे चिपच्या एका ठोक्यामागे, किती इन्स्ट्रक्शन पूर्ण होतायत, तर आठ कोरवर बरा असणारा आकडा बत्तीसवर पार झोपलेला. मित्र बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसला, मग म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं मी निम्म्या कोरांचं नुसतं लाईटबिल भरतोय." तसंच काहीसं. हा प्रश्न काय नवीन नाही, मेमरी वॉल हा शब्द अमेरिकेतल्या दोन संशोधकांच्या १९९५ च्या पेपरपासून रूढ झालाय, फक्त आपल्याकडे दुकानात तो कुणी उच्चारत नाही कारण तो उच्चारला की महागडी चिप विकता येत नाही.

याच्याही वरची कडी सांगतो. मध्यंतरी एका ठिकाणी मशीन स्लो आहे म्हणून बोलावणं आलं. ६४ कोरचं थ्रेडरिपर प्रो (थ्रेडरिपरचाच जास्त चॅनलवाला भाऊ), कुणीतरी बाहेरून जोडून आणलेलं. साईडची काच काढली तर आत आठ स्लॉट, आणि त्यात रॅमच्या दोन स्टिक. ६४ जीबीच्या दोन. बाकीचे सहा स्लॉट रिकामे, त्यात धूळ. मालक म्हणाले, "१२८ जीबी आहे की साहेब, रॅम कुठं कमी आहे?" रॅम कमी नव्हतीच, वाट अरुंद होती. आठ चॅनल भरले असते तर ४०९ गीगाबाईट मिळाले असते, दोनात मिळतात १०२, चौसष्ट कोरमध्ये वाटा म्हणजे कोरमागे १.६. १६ जीबीच्या आठ स्टिक घातल्या असत्या तर रॅम तेवढीच १२८ आणि वाट चौपट. लाखांत चिप घ्यायची आणि हजारात रॅम कापायची, ही आपल्या बाजारातली सगळ्यात आवडती काटकसर आहे, कारण चिपचं नाव चारचौघांत सांगता येतं, स्टिका किती घातल्या ते कोण विचारतंय.

आणि म्हणूनच व्हेनिस इकडे आल्यावर काय होणार ते मला आत्ताच दिसतंय. १.६ टेराबाईट हा आकडा चिप घेतली की आपोआप मिळत नाही, त्यासाठी सगळे चॅनल भरावे लागणार आणि तेही वेगवान स्टिकांनी. एमआरडीआयएमएम म्हणून एक जात आहे, तिच्यात एकाच स्टिकवरच्या दोन रँक, म्हणजे मेमरी चिपांचे दोन गट, एकदम कामाला लावून वेग वाढवतात, इंटेलच्या झिऑन ६ सर्व्हर चिपमध्ये २०२४ ला ८८०० च्या वेगाने आली, आणि अर्थातच साध्या स्टिकेपेक्षा महाग. त्यात रॅमचे भाव बघा. २०२५ च्या शेवटी एआयवाल्यांनी मेमरी अशी काय ओढून घेतली की भाव आभाळाला, आणि मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये जाहीरच करून टाकलं की क्रुशल हा किरकोळ गिऱ्हाइकांचा ब्रँड बंद करतोय. म्हणजे ज्यांनी "थांबू, नवीन चिप येतेय, जुनी स्वस्त होईल" म्हणून थांबायचं ठरवलं त्यांची चिप झाली असेल थोडी स्वस्त, पण रॅममध्ये त्याच्या कितीतरी पट गेले. थांबायला पैसे लागत नाहीत हा आपला फार मोठा गैरसमज आहे.

वर्कस्टेशनवाल्यांसाठी अजून एक हिशेब. सर्व्हरची चिप आली म्हणजे टेबलाखालच्या मशीनची आली असं नसतं. झेन ४ चं एपिक नोव्हेंबर २०२२ ला आलं आणि त्याचं थ्रेडरिपर प्रो २०२३ च्या नोव्हेंबरात. झेन ५ चं ट्युरिन ऑक्टोबर २०२४ ला आणि त्याचं थ्रेडरिपर प्रो २०२५ च्या जुलैत. म्हणजे नऊ महिने ते वर्ष. तोच हिशेब लावला तर व्हेनिसचं वर्कस्टेशनी भावंड २०२७ च्या आधी धरण्यात अर्थ नाही, मग भारतात, मग पुण्यात, मग आपल्याकडे.

टॉवेलवाल्या गिऱ्हाइकांचं वेगळंच. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात ९६ कोर पाहिजेत म्हणून मालक अडून बसले होते, डिझाईनच्या कॉम्प्युटरला आणि अकाउंटच्या सर्व्हरला. डिझाईनचं सॉफ्टवेअर बहुतेक वेळ एका-दोन कोरवरच पळतं हो. ॲमडाल नावाच्या गृहस्थांनी १९६७ मध्येच मांडून ठेवलंय, कामातला पाच टक्के भाग जरी एकामागून एकच करावा लागत असला तर १६ कोरवर काम नऊपट जलद होतं, ९६ वर साडेसोळा-सतरापट, २५६ वर साडेअठरा, आणि कोर अगणित लावले तरी वीसच्या वर जात नाही. ९६ वरून २५६ ला जाऊन दोन पण नाही मिळाले! आणि सर्व्हरचं तर विंडोज सर्व्हरचं लायसनच कोर मोजून घ्यावं लागतं, म्हणजे रिकाम्या बसलेल्या कोरचं पण भाडं. त्यांना १६ कोरवर आणलं तेव्हा ते जरा हिरमुसले, पाहुण्यांना दाखवायला काही राहिलं नाही ना.

त्यांच्याकडे खरा शत्रू दुसराच आहे, तूस. टॉवेलच्या कारखान्यात हवेत कापसाचं इतकं बारीक तूस असतं की सर्व्हरचा हीटसिंक काही महिन्यांत वाकळेसारखा होतो, बोटाने सोलून काढावा लागतो, अखंड पापुद्रा निघतो. आणि वर आपला मे महिना. थ्रेडरिपर प्रो ३५० वॅटचं, ट्युरिनमध्ये तर ५०० वॅटपर्यंत. चिपला ९५ डिग्रीपर्यंत तापायची परवानगी, खोली २५ ला असेल तर मध्ये ७० डिग्रीची जागा, आणि आपल्या इथं पत्र्याखाली ४२ ला असेल तर ५३ चीच. त्याच कूलरने पाऊण पटच उष्णता बाहेर जाणार. यूट्यूबवरचा टेस्ट करणारा कुठल्यातरी थंड खोलीत बसलेला असतो, त्याचे आकडे इथं लागू होत नाहीत. ही पुढची चिप मी तरी एसी आणि भरवशाच्या यूपीएसशिवाय कुणाला देणार नाही, भांडण झालं तरी चालेल.

बरं, ही कांडीची गोष्ट फक्त एएमडीलाच कळलीय असं पण नाही. जपानच्या फुगाकू सुपरकॉम्प्युटरमधली फुजित्सूची ए६४एफएक्स चिप आठवा, कोर फक्त ४८, पण रॅम प्रोसेसरच्या पाकिटातच बसवलेली, एचबीएम जातीची, सेकंदाला एक टेराबाईट. कोरमागे एकवीसच्या वर! जून २०२० मध्ये ते मशीन जगात पहिलं आलं. आणि आपल्या पुण्याचं सी-डॅक, कॉम्प्युटर संशोधनाची सरकारी संस्था, जो 'औम' प्रोसेसर डिझाईन करतंय तोही त्याच वाटेने चाललाय, आर्म कंपनीच्या निओव्हर्स व्ही१ डिझाईनचे ९६ कोर, ४८-४८ चे दोन चिपलेट (एकाच पाकिटात जोडलेले चिपचे तुकडे), टीएसएमसीची ५ नॅनोमीटर प्रोसेस, आणि पाकिटात एचबीएम३ मेमरी, शिवाय बाहेर डीडीआर५. २५६ च्या पुढे ९६ ऐकून कोणी नाक मुरडेल, पण बॉयलरवाल्या माझ्या मित्राच्या कामाला कुठलं डिझाईन धार्जिणं आहे ते नुसत्या कोरच्या आकड्यावरून सांगता येणार नाही. सी-डॅकने १९९१ ला परम ८००० सुपरकॉम्प्युटर केला तेव्हापासून पुणेकर ते ऐकवतातच, आता ही चिप बनून हातात आली तर अजून ऐकवतील, ऐकून घेऊ.

मित्राचं काय झालं ते राहिलं. ९६ कोर रद्द. ३२ कोरचं थ्रेडरिपर प्रो ९९७५डब्ल्यूएक्स, आठही चॅनल भरून, छोट्या छोट्या स्टिका. कोरमागे १२.८ गीगाबाईट, म्हणजे जुन्याच्या चौपट. १६ कोरवालं अजून स्वस्त पडलं असतं पण त्यात कोरचे चिपलेट दोनच असतात आणि प्रत्येक चिपलेटची मधल्या आयओ डायपर्यंतची (रॅमशी बोलणारा तुकडा) वाट ठरावीक रुंदीची, त्यामुळे आठ चॅनल भरून पण पुरता वेग ओढता येत नाही, हे असलं बारीक अक्षरातलं वाचावं लागतं. रॅमवाल्याने कोटेशन दिलं त्यावर व्हॅलिडिटी दोन दिवस. याने त्याच संध्याकाळी ॲडव्हान्स टाकला, आणि टाकून झाल्यावर मला विचारतो, "पण बे, ते व्हेनिस आलं आणि हे डब्बा ठरलं तर?"

म्हणलं आलं की पहिल्यांदा क्लाउडवरच येणार, तासावर भाड्याने मिळेल. तुझी हीच बॉयलरची केस जपून ठेव, एक दिवस मुंबईच्या सर्व्हरवर टाकू, ३२ वर, ९६ वर, २५६ वर चालवू आणि वेळ लिहून काढू. मग बोलू.

"आणि अपलोडला किती वेळ लागेल रे?"

फाईल चाळीस जीबीची आहे म्हणाला. रात्री लावून झोपायचं.